मराठीच्या तासाला सिनेमाचं गाणं: चालेल का?

फळा_खडू: कोल्हापुरातल्याच एका शाळेत नववीला मराठी शिकवतो. कविता म्हटली की पोरं आधी गाइड उघडतात. वैतागून गेल्या आठवड्यात पुस्तकं मिटायला लावली आणि फळ्यावर एक ओळ लिहिली, 'ऐरणीच्या देवा तुला ठिणगी ठिणगी वाहू दे'. 'साधी माणसं' (१९६५), जगदीश खेबूडकरांचं गाणं. विचारलं, वाहू म्हणजे? बऱ्याच जणांनी नदी सांगितली. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, आजी देवाला फुलं वाहते तसं." मग हळूहळू उलगडत गेलं. लोहाराच्या भट्टीपाशी फुलं कुठली, ठिणगीच वाहायची. 'ठिणगी ठिणगी' दोनदा का? एकेक करून, फूल फूल वाहतात तसं. तास संपला, ओळ संपली नाही. महिन्याला असं एक गाणं घ्यावं म्हणतो. तुम्हाला काय वाटतं?

निवृत्त_बाई: मला पटत नाही. आमच्याकडे एका सरांनी मोबाइलवर गाणं लावलं होतं. पोरांनी बाकं बडवली, शेजारच्या वर्गातून तक्रार आली. चाल कानात बसली की शब्द वाहूनच जातात, तुमच्या त्या नदीसारखे. आणि दहावीला रसग्रहण पुस्तकातल्या कवितेचं करावं लागतं, सिनेमाच्या गाण्याचं नाही.

फळा_खडू: बाई, मी गाणं लावतच नाही. फळ्यावर नुसते शब्द.

निवृत्त_बाई: मग ती कविताच झाली की हो. पुस्तकातली का नको?

उद्यमनगरकर: कारण गाणं पोराच्या तोंडात आधीच असतं बाई. नवी कविता बघूनच ते बिचकतं. आमचा पिढीजात धंदा लोहाराचा. ह्याच गाण्यात पुढं 'चनं खाऊ लोखंडाचं' आहे. लोखंडाचे चणे खाणं सगळेच म्हणतात, पण लोहाराची बायको म्हणते तेव्हा घरातलं लोखंडच दिसतं. शंभरदा ऐकलेलं गाणं, हे कळलं चाळिशीत, गाडी चालवताना. शाळेत कुणी त्या ओळीवर थांबवलंच नाही.

पेठेतला_गडी: गाणं भारीच, पण ते आज्जीच्या जमान्यातलं की वो सर. आत्ताच्या पोरांची गाणी म्हंजे गणपतीच्या मिरवणुकीत वाजत्यात ती. त्यातली एक लिहा की फळ्यावर, बघू.

फळा_खडू: लिहिली परवा. पोरांनीच निवडलेली. पाच मिनिटांत एक जण म्हणाला, "सर, ह्यात काय न्हाईच की." एरवी दिवसभर तेच गुणगुणणारा पोरगा!

पेठेतला_गडी: म्हंजे त्याचं आवडीचं गाणं नासवलंत. बाकी काय केलं?

निवृत्त_बाई: नासू दे, त्याचं मला काही नाही. मला एवढंच सांगा, नंतर पुस्तकातली कविता गाइडशिवाय किती जणांनी वाचली?

फळा_खडू: चाळीसातल्या तिघांनी.

निवृत्त_बाई: तिघांनी! बरं, त्या चाळीस जणांनी ऐरण तरी बघितली आहे का?

फळा_खडू: ...नाही. मी फळ्यावर चित्र काढलं होतं. पोरं म्हणाली, शिलाई मशीन आहे.

उद्यमनगरकर: शनिवारी शाळा सुटल्यावर पाठवा इकडं. आज्ज्याची आहे अजून. बाई, तुम्हीपण या.