पूरा बेलप्रेनं आजीची गोष्ट इंग्रजीत लिहिली, त्यात तिचं चुकलं का?

ओसरी

मी न्यू जर्सीत राहते आणि रविवारच्या मराठी शाळेत सात ते नऊ वर्षांच्या मुलांचा वर्ग घेते. गेल्या रविवारी त्यांना पूरा बेलप्रेच्या पुस्तकातली एका झुरळाच्या लग्नाची गोष्ट सांगितली. आधी "ई, झुरळ!" असा एकच गलका झाला, आणि मग सगळी सतरंजीवर पुढे सरकून बसली.

मार्तिना नावाची झुरळीण (हा शब्द मुलांनीच काढला). झाडताना तिला एक नाणं सापडतं. त्याची ती पावडर आणते, नटूनथटून सज्जात बसते. मांजर येतं, कोंबडा येतो, बेडूक येतो, सगळे मागणी घालतात. प्रत्येकाचा आवाज ती ऐकते आणि नको म्हणते. मग येतो पेरेस उंदीर. त्याचं "चुई, चुई" तिला आवडतं. लग्न होतं. नाताळात मार्तिना तांदळाची गोड खीर शिजवत ठेवते. पेरेसला राहवत नाही, तो पातेल्यात डोकावतो, आत पडतो आणि मरतो. मार्तिना त्याच्यासाठी गात राहते, रडत राहते. संपली गोष्ट.

संध्याकाळी एका पालकांचा निरोप आला. एक, एवढा वाईट शेवट लहान मुलांना कशाला? दोन, ही तर इंग्रजी पुस्तकातली गोष्ट, मराठी शाळेत तिचं काय काम? पहिल्या प्रश्नाला मी लगेच उत्तर दिलं. दुसरा मात्र मनात घोळत राहिला, म्हणून हा धागा.

कारण ही गोष्ट मुळात इंग्रजी नाहीच. पूरा बेलप्रे ही प्वेर्तो रिको या कॅरिबियन बेटावरच्या सिद्रा गावची. ही गोष्ट तिनं आजीकडून ऐकली, अर्थात स्पॅनिशमध्ये. १९२०च्या सुमारास बहिणीच्या लग्नासाठी म्हणून ती न्यूयॉर्कला आली. तिथल्या हार्लेम भागात १३५व्या रस्त्यावरच्या सार्वजनिक ग्रंथालयाला स्पॅनिश बोलणारी मदतनीस हवी होती. ते काम आधी बहिणीलाच विचारलं होतं, पण तिच्या नवऱ्याला पसंत नव्हतं, म्हणून पूरा गेली. १९२१ची गोष्ट. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीतली ती पहिली प्वेर्तो रिकन ग्रंथपाल. मुलांच्या कपाटात तिनं जगभरच्या लोककथा पाहिल्या, आपल्या बेटाची एकही सापडली नाही. मग ग्रंथपालनाचं शिक्षण घेताना तिनं आजीची ही गोष्ट लिहून काढली. १९३२ साली फ्रेडरिक वॉर्न या प्रकाशकानं ती पुस्तकरूपात आणली, इंग्रजीत.

माझं मत स्पष्ट आहे. तिनं इंग्रजीत लिहिलं म्हणून आजीची गोष्ट आजीच्या गल्लीबाहेर गेली आणि शंभर वर्षांनी माझ्या सतरंजीपर्यंत आली. यात भाषेशी बेइमानी मला कुठेच दिसत नाही. तुम्हाला काय वाटतं?

कातळवाट

ओसरीताई, तुम्ही मनापासून लिहिलंय, पण मला पटलं नाही.

ती गोष्ट कुठल्या काळात इंग्रजीत गेली ते बघा. १८९८च्या युद्धानंतर स्पेनकडून ते बेट अमेरिकेच्या ताब्यात गेलं. त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षं तिथल्या शाळांमध्ये पोरांवर इंग्रजी लादली गेली. घरात आई एका भाषेत हाक मारतेय आणि वर्गात मास्तर दुसऱ्याच भाषेत गणित शिकवतायत. अशा काळात घरातली गोष्टसुद्धा त्याच दुसऱ्या भाषेत छापून दिली, तर घराच्या भाषेकडे उरतं काय?

माझा भाचा टोरांटोत असतो. त्याला भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट येते, अगदी लेकीकडे जाऊन तूप-रोटी खाऊन जाड होण्यापासून. पण त्याच्या इंग्रजी पुस्तकात भोपळा नुसता घरंगळत जातो. 'टुणूक टुणूक' नाही. मागच्या दिवाळीत मी त्याला "चल रे भोपळ्या" म्हणालो, तर तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. गोष्ट पोचली हो त्याच्यापर्यंत. मराठी नाही पोचली. आणि गोष्ट आधीच माहीत असल्यामुळे आता ती मराठीत ऐकायची त्याला गरजही वाटत नाही. हे नुकसान पुस्तक नसण्यापेक्षा मोठं आहे, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

जुनी पेटी

एका तालुक्याच्या वाचनालयात मी सत्तावीस वर्षं नोकरी केली, त्यामुळे थोडं कामाच्या बाजूनं सांगते.

कातळवाट, गोष्ट छापली नसती तर ती निदान तोंडी स्पॅनिशमध्ये राहिली असती, असं तुम्ही गृहीत धरताय. न्यूयॉर्कच्या त्या ग्रंथालयात कथाकथनाची शिस्त अशी होती की गोष्ट पुस्तकातलीच सांगायची. जे छापलेलं नाही ते सांगायचं नाही. या नियमामागे हेतू चांगलाच असणार, मुलानं गोष्ट ऐकावी आणि उठून तेच पुस्तक घरी न्यावं. पण ज्या लोकांच्या गोष्टी कुणी छापल्याच नाहीत, त्यांची मुलं त्या खोलीत बसून कायम दुसऱ्यांच्याच गोष्टी ऐकणार. बेलप्रेला तिची न छापलेली गोष्ट सांगायची खास परवानगी मिळाली. परवानगी आज आहे, उद्या वरचा माणूस बदलला की नाही. पुस्तक कपाटात लागलं, त्याला क्रमांक पडला, की ते काढून टाकायला निदान कारण द्यावं लागतं. मी स्वतः हे पाहिलंय. नोंदवहीत चढलेलं पुस्तक तग धरतं.

आणखी एक. त्या कथाकथनाच्या तासाला मेणबत्ती लावायची पद्धत होती. गोष्ट संपली की मुलांनी मनात एक इच्छा धरायची आणि मेणबत्ती विझवायची. हे वाचलं तेव्हा मला देवघरासमोर बसून ऐकलेल्या कहाण्या आठवल्या.

कातळवाट

जुनी पेटी, नियमाचं मला माहीत नव्हतं. पण मग तो नियम मोडायला हवा होता ना? नियमात बसावं म्हणून गोष्टीनंच भाषा बदलायची?

ओसरी

नियम वाकवला तिनं, आणि भाषाही सोडली नाही. पुस्तकात एक भाषा होती, तिच्या तोंडी दोन होत्या. १९२९च्या सुमारास हार्लेमच्या नैर्ऋत्येला प्वेर्तो रिकन वस्ती वाढली, तसं तिला ११५व्या रस्त्यावरच्या शाखेत पाठवलं. तिथे कथाकथन इंग्रजीतही व्हायचं आणि स्पॅनिशमध्येही. ग्रंथालयात तीन राजांचा सण, म्हणजे ६ जानेवारीला तिकडची मुलं ज्याची वाट बघतात तो दिवस, तिनं सुरू केला. दाराशी उभ्या राहून "आम्हाला इंग्रजी येत नाही" म्हणणाऱ्या आया त्यामुळे आत आल्या. पेरेस-मार्तिनाची स्पॅनिश आवृत्तीही पुढे निघाली. १९७१मध्ये तिनं एका सहकारी बाईंबरोबर मुलांसाठीच्या स्पॅनिश पुस्तकांची टिपणांसह यादी केली. इंग्रजी बालपुस्तकं स्पॅनिशमध्ये आणायचं कामही ती करत होती. भाषा सोडून दिलेल्या बाईची ही कामं नव्हेत.

पाणंद

तुम्ही दोघंही इंग्रजी की स्पॅनिश एवढ्यावरच अडून बसलाय. माझी हरकत वेगळी आहे.

स्पॅनिश तरी त्या बेटाची मूळ भाषा कुठे? तीही गलबतातूनच आली. बेलप्रे स्वतः आफ्रिकी वंशाची प्वेर्तो रिकन. ज्या १३५व्या रस्त्याच्या ग्रंथालयात ती लागली, तिथेच १९२६मध्ये आर्तुरो शोमबर्ग यांचा काळ्या लोकांच्या इतिहासावरचा मोठा संग्रह आला. शोमबर्गही प्वेर्तो रिकोतच जन्मलेले. म्हणजे आपल्या लोकांचा इतिहास गोळा करायचं काम तिच्या डोळ्यांसमोर चाललं होतं. आणि तिची मार्तिना कशी आहे? पुस्तकात सुरुवातीलाच सांगितलंय, ती स्पॅनिश रक्ताची, उच्च घराण्यातली. कातडी तेवढी मऊ तपकिरी. खानदान स्पेनचं!

मला हे टोचतं. लहान मुलाच्या डोक्यात 'चांगल्या घरातली' म्हणजे कोण, हे अशाच वाक्यांतून बसतं. आपल्याकडच्या गोष्टींतही 'गोरीपान राजकन्या' ऐकतच वाढलो की आपण. माझी मुलगी सावळी आहे. तिनं चौथ्या वर्षी मला विचारलं होतं, राजकन्या काळी असते का गं? तेव्हापासून मी गोष्ट सांगताना तो शब्द गाळते. बेलप्रेला तो गाळता आला असता.

जुनी पेटी

पाणंद, तुमच्या लेकीचा प्रश्न वाचून क्षणभर थांबले.

पण गाळायचं म्हटलं की मला भीती वाटते. आजीनं जशी सांगितली तशी नातीनं लिहिली. त्या घरात, त्या बेटावर झुरळालासुद्धा स्पॅनिश खानदान चिकटवावंसं वाटत होतं, हे त्या वाक्यामुळे तर आज आपल्याला कळतं. ते काढलं असतं तर पुस्तक स्वच्छ झालं असतं आणि तुम्हाला आज हा मुद्दा मांडताही आला नसता. शिवाय तिचं सगळं लेखन एवढंच नाही. १९४६च्या तिच्या संग्रहाचं नाव वाघ आणि सशावरून आहे, आणि दांडगटाला चकवणाऱ्या सशाचं गोत्र आफ्रिकेपर्यंत जातं. पुढे १९६२मध्ये हुआन बोबोचं पुस्तक आलं. तो खेड्यातला भोळा पोरगा, त्याला कसलं आलंय खानदान.

पाणंद

लिहिताना ठेवावं, हे एक वेळ मान्य. सांगताना मात्र मी गाळणारच. समोर बसलेलं मूल संशोधक नसतं.

मधली सुट्टी

शेवटाबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. मी प्राथमिक शाळेत शिक्षक आहे. पेरेस मरतो हे मुलांना सांगावं. आमच्या आजीच्या गोष्टीत काऊला शेवटी चटका बसायचा आणि आम्ही रोज रात्री तीच गोष्ट मागायचो. गेल्या वर्षी माझ्या वर्गातल्या एका मुलाचे आजोबा गेले. घरात कुणी त्याच्याशी त्याबद्दल बोलत नव्हतं. वर्गात एक दुःखी गोष्ट सांगितली त्या दिवशी तो पहिल्यांदा बोलला, दहा मिनिटं थांबलाच नाही. पालकांना एवढंच सांगा, ताई.

कातळवाट

शेवटाबद्दल माझा काहीच वाद नाही. मधली सुट्टी, तुमचं बरोबर आहे.

पण ओसरीताई, भाषेच्या मुद्द्यावर मी अजून तिथेच आहे. बेलप्रे स्वतः दोन भाषांत सांगत होती, हे मानलं. ती होती तोवर ते चाललं. १९४३मध्ये तिनं क्लॅरेन्स कॅमेरॉन व्हाइट या व्हायोलिनवादक-संगीतकाराशी लग्न केलं आणि पुढे नवऱ्याच्या दौऱ्यांमुळे नोकरी सोडली. १९६०मध्ये ते वारले, त्यानंतर ती पुन्हा ग्रंथालयात आली. मधल्या काळात वाचकाच्या हाती काय होतं? इंग्रजी पुस्तक. आवाज माणसाबरोबर जातो, छापलेलं मागे उरतं, म्हणून कुठल्या भाषेत छापलं याला एवढं महत्त्व. १९९६पासून तिच्या नावानं पुरस्कार देतात. त्यालाही पुस्तक स्पॅनिशमध्येच हवं अशी अट नाही, लेखक किंवा चित्रकार लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाचा) असला की झालं. माणूस आपला, अनुभव आपला, भाषा मात्र कुठलीही. मराठीचं असं झालं तर मी त्याला यश म्हणणार नाही.

ओसरी

मधल्या वर्षांचा तुमचा मुद्दा खरा आहे. त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही.

पण परत आल्यावर तिनं काय केलं, तेही सांगते. १९६८मध्ये न्यूयॉर्कच्या साउथ ब्राँक्स भागात ग्रंथालयानं वस्तीवस्तीत जाऊन काम करायचा एक प्रकल्प सुरू केला. बेलप्रेचं वय तेव्हा साठीच्या पुढे. ती बाहुल्यांचा खेळ घेऊन वस्त्यांत फिरू लागली. मार्तिना आणि पेरेस आता हातातल्या बाहुल्या झाले होते. पुस्तकात मुके झालेले आवाज तिनं पुन्हा तोंडानं काढले. कातळवाट, तुमच्या भाच्याला हरवलेलं 'टुणूक टुणूक' असंच कुणीतरी समोर बसून द्यायला हवं. तेवढं मात्र कुठल्याही भाषेतलं पुस्तक करू शकत नाही, मराठीतलंही नाही. १ जुलै १९८२ला ती गेली, पण शेवटपर्यंत मुलांच्या गोष्टी हेच तिचं काम राहिलं.

तिचं १९६९चं एक पुस्तक आहे. त्यात सांतियागो नावाचा न्यूयॉर्कमधला मुलगा प्वेर्तो रिकोत मागे राहिलेल्या आपल्या कोंबडीच्या आठवणीनं झुरतो. माझ्या वर्गातल्या एका मुलीचा कुत्रा नाशिकला आजीकडे राहिलाय. ती तासाला दोनदा तरी त्याचं नाव काढते.

कातळवाट

ही गोष्ट मराठीत सांगणार असाल तर मला ऐकायला आवडेल. भाच्यालाही फोनवर बसवतो, त्यांच्याकडे सकाळच असेल.

ओसरी

नक्की. रविवारी साडेदहाला. कोंबडीचं नाव सेलिना आहे, ते तसंच ठेवते. तिच्या आवाजाचं काय करायचं ते मुलांनाच विचारते. आणि मेणबत्ती आणणार आहे.