निर्वासित, शरणार्थी, विस्थापित : कायद्याला नेमका कोण अभिप्रेत आहे?

रामदासपेठ :
एका संस्थेचं माहितीपत्रक मराठीत आणते आहे. ‘रेफ्युजी’साठी मी सगळीकडे ‘निर्वासित’ लिहिलं. मजकूर तपासणाऱ्यांचं म्हणणं, ‘शरणार्थी’ करा, हिंदी पत्रकात तोच शब्द आहे. मला प्रश्न असा पडला की आपल्याकडे नागपुरात जरीपटक्यातल्या जुन्या सिंधी कुटुंबांना निर्वासित म्हणतात, हिवाळ्यात स्वेटर विकायला येणाऱ्या तिबेटींनाही म्हणतात, आणि गोसेखुर्द धरणामुळे गाव सुटलेल्यांना विस्थापित म्हणतात. कायद्याच्या हिशेबाने यातलं कोण ‘रेफ्युजी’? आणखी एक, ‘वेल-फाउंडेड फिअर’ला मी ‘सुस्थापित भीती’ लिहिलंय. कानाला खटकतंय.

सिव्हिल लाइन्स :
ताई, ‘सुस्थापित’ आधी काढा. पेढी सुस्थापित असते, भीती नाही. ‘साधार भीती’ लिहा. कायद्याची कसोटी दुहेरी आहे आणि ती या दोन शब्दांत नीट बसते. भीती त्या माणसाच्या मनातली, आधार बाहेरच्या परिस्थितीतला. निर्णय करणाऱ्याला दोन्ही तपासावे लागतात. काही जण ‘रास्त भीती’ लिहितात. चालेल, पण ‘रास्त’ म्हटलं की भीती बाळगणं बरोबर की चूक, असा निवाडा त्यात शिरतो.

आधार किती लागतो, हा पुढचा प्रश्न, आणि इथेच अर्जदारांवर सर्वात जास्त अन्याय होतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये कार्डोझा-फोन्सेका प्रकरणात सांगितलं की छळाची शक्यता निम्म्याहून अधिक असलीच पाहिजे असं नाही. दहात एक इतकी शक्यता असली तरी भीती साधार ठरू शकते. फौजदारी खटल्याचं माप इथे लावायचं नसतं. रात्रीतून घर सोडलेला माणूस साक्षीपुरावे बांधून आणत नाही. म्हणून त्याची हकीकत एकसंध आणि विश्वासार्ह असेल तर उरलेल्या शंकेचा फायदा त्याला द्यावा, असं संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तालयाची हस्तपुस्तिका सांगते.

आता व्याख्या. १९५१ च्या जिनिव्हा करारातलं पहिलं कलम मी मराठीत असं मांडीन: वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचं सदस्यत्व किंवा राजकीय मत या कारणावरून छळ होईल अशी साधार भीती असल्यामुळे जो आपल्या देशाबाहेर आहे, आणि त्या देशाचं संरक्षण घेऊ शकत नाही किंवा त्या भीतीपोटी घेऊ इच्छित नाही, तो. ज्याला कुठलंच नागरिकत्व नाही त्याच्या बाबतीत, पूर्वी जिथे तो नेहमी राहत होता तो देश धरायचा. मूळ करारात १ जानेवारी १९५१ पूर्वीच्या घटनांचीच अट होती, कारण महायुद्धानंतरचा युरोप डोळ्यांपुढे होता. १९६७ च्या प्रोटोकॉलने, म्हणजे पूरक कराराने, ती काढली.

या व्याख्येत ‘हाकलून दिलेला’ कुठेच नाही. ‘निर्वासित’ शब्दाचा मूळ अर्थ मात्र तोच: वास्तव्यातून घालवलेला. त्यामुळे ऐकणारा सहज विचारतो, याला कुणी घालवलं? कायदा असं विचारत नाही. समजा एखादी मुलगी शिकायला परदेशी गेली, मागे सत्तापालट झाला, आणि तिच्या जुन्या लेखांसाठी आता तिला अटक होईल अशी स्थिती आली. तिला कुणीही घालवलेलं नाही. विमानाचं तिकीट काढून, रीतसर व्हिसा घेऊन ती गेली होती. तरी आज ती व्याख्येत बसते.

‘शरणार्थी’ त्या मानाने जवळ येतो. शरण म्हणजे आसरा, अर्थी म्हणजे मागणारा. पण मराठीत ‘शरण’ म्हटलं की आपल्याला आधी शरणागतीच आठवते, हार मानलेला माणूस दिसतो. शिवाय सगळा भार मागण्यावर जातो. कायद्यात मागणं ही पायरी नंतरची. त्याच हस्तपुस्तिकेत हे फार स्वच्छ सांगितलं आहे: मान्यता मिळाली म्हणून कुणी निर्वासित होत नाही, तो निर्वासित असतो म्हणून त्याला मान्यता मिळते. अर्ज भरण्याच्या आदल्या दिवशीही तो निर्वासितच असतो. माझं मत विचाराल तर ‘निर्वासित’ ठेवा, मराठीत तो रुळला आहे. पण पत्रकाच्या पहिल्या पानावर व्याख्या द्या, म्हणजे ‘घालवलेला’ हा अर्थ वाचकाच्या मनात राहणार नाही.

‘पर्सिक्युशन’ला ‘छळ’ हाच शब्द बरोबर. ‘उत्पीडन’ वगैरे नको. सासरचा छळ म्हणतो तो शब्द असल्यामुळे काही जणांना घरगुती वाटतो, पण मला तेच मोलाचं वाटतं. करारात छळाची व्याख्याच नाही, आणि छळ सरकारनेच करावा लागतो असंही नाही. तो नवऱ्याने, जमावाने, टोळीने केला आणि राज्य संरक्षण द्यायला असमर्थ किंवा नाखूश असेल, तरी कसोटी पुरी होऊ शकते. ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च न्यायपीठ) १९९९ मध्ये दोन पाकिस्तानी स्त्रियांच्या प्रकरणात हेच मान्य केलं. नवऱ्यांनी घराबाहेर काढलेल्या, व्यभिचाराच्या आरोपाची टांगती तलवार असलेल्या या बायका ‘विशिष्ट सामाजिक गटा’त येतात, कारण तिथला समाज आणि कायदा त्यांना स्त्री म्हणूनच संरक्षणाबाहेर ठेवतो.

उलट बाजूही लिहा. युद्धगुन्हे किंवा मानवतेविरुद्धचे गुन्हे केलेला, किंवा आश्रयाच्या देशात येण्यापूर्वी बाहेर गंभीर बिगर-राजकीय गुन्हा केलेला माणूस, भीती कितीही साधार असली तरी वगळला जातो.

आता आपल्या भागाचं. गोसेखुर्दचे लोक या कायद्याने निर्वासित नाहीत, कारण त्यांनी देशाची सीमा ओलांडली नाही. वैनगंगेचं पाणी त्यांच्या शिवारात आलं ते आपल्याच शासनाच्या निर्णयाने, आणि पुनर्वसनाचा हक्क ते त्याच शासनाकडे मागतात. त्यांच्यासाठी ‘प्रकल्पग्रस्त’ हा नेमका शब्द आपल्याकडे आहे. तो बोथट करून ‘विस्थापित’ करू नये असं मला मनापासून वाटतं, कारण ‘प्रकल्पग्रस्त’मध्ये कारण आणि जबाबदार कोण हे दोन्ही ऐकू येतं.

तिबेटी व्याख्येत बसतील, पण भारताने १९५१ चा करार किंवा १९६७ चा प्रोटोकॉल स्वीकारलेलाच नाही. त्यामुळे गोंदिया जिल्ह्यातल्या गोठणगावजवळच्या नोर्ग्येलिंग वसाहतीतला माणूस आपल्या कायद्याने ‘परदेशी नागरिक’ असतो आणि नोंदणी प्रमाणपत्रावर राहतो. त्यातही २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेले जन्मानेच नागरिक ठरतात. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये एका तिबेटी तरुणीच्या बाबतीत तसं ठरवलं आहे.

जरीपटका :
आमच्या घरी जुन्या माणसांना दोन्ही शब्द आवडत नसत. ‘शरणार्थी नाही, पुरुषार्थी म्हणा’ असं त्या पिढीतले पुष्कळ सिंधी, पंजाबी म्हणत. हातगाडीवर कापड विकून उभ्या राहिलेल्या माणसाला आसरा मागणारा म्हटलेलं लागत असणारच. पण भाऊ, कायद्यात आम्ही कोण होतो? आणि मागच्या काही वर्षांत सिंधमधून लाँग टर्म व्हिसावर आलेले आमचे नातेवाईक कोण?

सिव्हिल लाइन्स :
कायद्यात तुम्ही ‘डिस्प्लेस्ड पर्सन’ होता, म्हणजे विस्थापित. १९५४ च्या भरपाई व पुनर्वसन कायद्याची व्याख्या वाचण्यासारखी आहे. फाळणीमुळे, किंवा दंगलींमुळे, *किंवा दंगलींच्या भीतीमुळे* १ मार्च १९४७ नंतर आताच्या पश्चिम पाकिस्तानातलं घर सोडून जो भारतात राहू लागला, तो विस्थापित. भीती तिथे कायद्याच्या शब्दांतच आहे. दंगल दारापर्यंत आली होती का, हे सिद्ध करायची गरज ठेवली नव्हती. प्रत्येकाला पाच कारणांच्या चाळणीतूनही काढलं नाही, प्रदेश आणि तारीख पुरेशी मानली. नागरिकत्व राज्यघटनेच्या अनुच्छेद ६ ने दिलं, तिथे १९ जुलै १९४८ ही तारीख महत्त्वाची: त्याआधी आलेल्यांना वेगळा नियम, नंतरच्यांना नोंदणी. म्हणजे तुमचे आजोबा थोड्याच काळात भारताचे नागरिक झाले, आणि भारतात भारतीय नागरिक निर्वासित असू शकत नाही.

त्या व्याख्येत फक्त ‘पश्चिम पाकिस्तान’ होतं, हे मात्र विसरू नये. गडचिरोलीच्या मुलचेरा, चामोर्शी भागात वसवलेली बंगाली कुटुंबं पूर्व पाकिस्तानातून आली, ती या भरपाई कायद्याबाहेर राहिली. भीती तीच, पण सीमा दुसरी. हे मला आजही न्याय्य वाटत नाही.

तुमच्या नातेवाइकांसाठी २०१९ ची नागरिकत्व दुरुस्ती आहे. अफगाणिस्तान, बांगलादेश, पाकिस्तान हे तीन देश; हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी, ख्रिस्ती हे सहा समुदाय; ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत भारतात प्रवेश. अशा माणसाला ‘अवैध स्थलांतरित’ मानायचं नाही, असं तिचं सूत्र. नियम मार्च २०२४ मध्ये आले. इथेही माणसाची स्वतःची भीती तपासली जात नाही. देश, धर्म आणि तारीख पाहतात. त्यामुळे याच देशांतून जिवाच्या भीतीने आलेला, पण यादीत नसलेल्या समुदायाचा माणूस बाहेर राहतो, आणि १ जानेवारी २०१५ ला आलेलं कुटुंबही. म्हणूनच व्यक्तीची भीती तपासणारा निर्वासितांचा कायदा आपल्याकडे हवा, असं मी म्हणतो.

रामदासपेठ :
फार उपयोग झाला. शेवटचे दोन शब्द: ज्याचा अर्ज अजून प्रलंबित आहे तो? आणि ‘नॉन-रिफूलमाँ’?

सिव्हिल लाइन्स :
पहिल्याला ‘आश्रयार्थी’. ‘घुसखोर’ तर नकोच, ‘अवैध स्थलांतरित’ही नको. करारच म्हणतो की धोक्याच्या प्रदेशातून थेट आलेल्या निर्वासिताला बेकायदा प्रवेशासाठी शिक्षा करू नये, फक्त त्याने विलंब न लावता अधिकाऱ्यांपुढे हजर व्हावं आणि तशा प्रवेशाचं योग्य कारण सांगावं.

दुसऱ्याला एकच शब्द शोधत बसू नका. ‘छळाच्या ठिकाणी परत न धाडण्याचं तत्त्व’ असं उलगडून लिहा. करारावर भारताची सही नसली तरी गुजरात उच्च न्यायालयाने १९९८ मध्ये दोन इराकी निर्वासितांच्या प्रकरणात हे तत्त्व राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मध्ये, म्हणजे जीविताच्या हक्कात, वाचलं. तो अनुच्छेद ‘नागरिक’ म्हणत नाही, ‘व्यक्ती’ म्हणतो. १९९६ मध्ये अरुणाचलातल्या, पूर्व पाकिस्तानातून आलेल्या चकमा लोकांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने त्याच आधारावर राज्य सरकारला त्यांच्या जिवाचं रक्षण करायला सांगितलं होतं. पत्रकात ही दोन प्रकरणं घाला. नागपूर खंडपीठापुढे उद्या कुणाची बाजू मांडायची वेळ आली तर वकिलाला ती लागतील.