एसेंडन: एकही चाचणी पॉझिटिव्ह नाही, मग बंदी कशी?

प्रश्न: एसेंडन या ऑस्ट्रेलियन फुटबॉल क्लबच्या ३४ खेळाडूंना एएफएलच्या (ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगच्या) न्यायाधिकरणाने मार्च २०१५मध्ये डोपिंगच्या आरोपातून निर्दोष सोडलं होतं. मग आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने निकाल फिरवला कसा?

प्रतिसाद १: वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या) अपिलात लवादाने पुरावे नव्याने तपासले. न्यायाधिकरणाने ते साखळीसारखे पाहिले, एक कडी तुटली की संपलं. लवादाने दोरखंडाचे पीळ मानले: सुटे कच्चे, एकत्र भक्कम. खेळाडूंना थायमोसिन बीटा-४ या बंदी असलेल्या औषधाची इंजेक्शनं दिल्याचं लवादाला पटलं. जानेवारी २०१६ला दोन वर्षांची बंदी. आधीचा काळ वजा जाऊनही २०१६चा हंगाम बुडालाच.

प्रतिसाद २: चाचणीचे फॉर्मही नडले. चाचणीवेळी अलीकडची औषधं लिहायची असतात, तिथे या इंजेक्शनांचा उल्लेखच नव्हता.

प्रतिसाद ३: तरी एसेंडनच्या जोब वॉटसनचं २०१२चं ब्राउनलो पदक (लीगच्या सर्वोत्तम खेळाडूचं) गेलं, याचं फार वाईट वाटतं. इंजेक्शनांचा कार्यक्रम क्लबचा होता!