डीव्हीआरला ४ टीबीची डिस्क लावली तर १६७८ जीबीच का दाखवतोय?

गुंतलेल्या_तारा
मंडळी मदत हवीय. सीसीटीव्हीचा आठ चॅनलचा जुना डीव्हीआर (रेकॉर्डिंग करणारा डबा) आहे, आठही कॅमेरे चोवीस तास चालू, आत १ टीबीची डिस्क होती. त्यात जेमतेम पाच-सहा दिवसांचं रेकॉर्डिंग राहायचं आणि मग जुनं पुसून त्यावर नवीन. मला किमान पंधरा दिवसांचं तरी हवंय म्हणून ४ टीबीची नवीन डिस्क आणली, सर्व्हेलन्सवालीच आहे, साधी पीसीची नाही. डीव्हीआर खोलून जुनी काढली नवीन लावली, मेनूत जाऊन फॉरमॅट केलं, सगळं सुरळीत, आणि कपॅसिटी दाखवतोय १६७८ जीबी!! परत परत फॉरमॅट केलं तरी तोच आकडा, एक जीबी इकडे नाही की तिकडे नाही. तीच डिस्क पीसीला जोडली तर ३७२६ जीबी दाखवते. मॅन्युअल कधीच हरवलंय. डिस्क खराब आहे की डीव्हीआर? की फॉरमॅट करताना माझं काही राहतंय?

सहज_सुचलं
डिस्क डुप्लिकेट असणार. लेबल बदलून विकतात लोक. परत करा.

बिटबिट
नाही हो, डुप्लिकेट असती तर पीसीवर ३७२६ आले नसते. आणि हो, ३७२६ म्हणजे पूर्ण ४ टीबीच, डिस्क बनवणारे हजाराने मोजतात आणि कॉम्प्युटर १०२४ ने, त्यामुळे तिथे काही चोरी झालेली नाही.

हा १६७८ आकडा बघितल्या बघितल्या ओळखीचा वाटला. डिस्कच्या लेबलवर बारीक अक्षरात एलबीए म्हणून एक लांबलचक आकडा असेल, ४ टीबीला तो साधारण ७८१४०३७१६८ असतो, म्हणजे डिस्कवर इतके सेक्टर आहेत आणि प्रत्येक सेक्टर ५१२ बाइटचा. आता ३२ बिटमध्ये जास्तीत जास्त ४२९४९६७२९६ सेक्टर मोजता येतात, त्याच्या पुढे गेलं की गाडीच्या किलोमीटर मीटरसारखं परत शून्यापासून सुरू. ७८१४०३७१६८ मधून ४२९४९६७२९६ वजा करा, उरतात ३५१९०६९८७२, त्याला ५१२ ने गुणा आणि १०२४ ने तीनदा भागा. बरोब्बर १६७८ येतात. म्हणजे तुमच्या डीव्हीआरच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे आतल्या प्रोग्रॅममध्ये, कुठेतरी सेक्टरचा आकडा ३२ बिटच्या डब्यात कोंबलाय आणि वरचा भाग सांडतोय. त्याची हद्द २.२ टीबी. ३ टीबीची लावली असती तर ७४६ जीबी दिसले असते, आहे की नाही गंमत, डिस्क मोठी आणि जागा १ टीबीपेक्षाही कमी.

ही भानगड नवी नाहीच. आधी २८ बिटचा जमाना होता, तेव्हा १३७ जीबीला सगळं अडायचं, मग २००२ च्या सुमाराला ४८ बिटवालं स्टँडर्ड आलं आणि डिस्कच्या बाजूने प्रश्न मिटला. पण डिस्क ४८ बिट बोलली म्हणून समोरच्या डब्याला ते कळेलच असं नाही ना. जुन्या डीव्हीआरच्या आत बहुतेक वेळा ३२ बिट प्रोसेसर आणि त्यावर लिनक्स असतो, बनवणाऱ्याने त्या वेळच्या २ टीबीच्या डिस्क डोळ्यासमोर ठेवून कोड लिहिला की झालं.

थोडक्यात डिस्क चांगली आहे, तुमचंही काही राहिलेलं नाही.

रात्रपाळी
पीसीवर जीपीटी पार्टिशन करून मग डीव्हीआरला लावा की. २ टीबीची अडचण एमबीआर या जुन्या पार्टिशन टेबलमुळे येते, जीपीटी या नव्याला ती नाही. माझ्या पीसीवर असंच सुटलं होतं.

बिटबिट
@रात्रपाळी पीसीवर सुटतं कारण तिथे ऑपरेटिंग सिस्टिमला डिस्क पूर्ण दिसत असते, फक्त पार्टिशन टेबल आखूड पडतं. इथे मुळात डिस्कचा आकारच चुकीचा वाचला जातोय, पार्टिशनची गोष्ट त्याच्या नंतरची. शिवाय डीव्हीआर स्वतःच्या पद्धतीने फॉरमॅट मारतो, तुम्ही पीसीवर कितीही सुंदर पार्टिशन करून दिलंत तरी तो पहिल्यांदा "फॉरमॅट करा" म्हणणार आणि सगळं पुसणार.

गुंतलेल्या_तारा
बिटबिट, लेबल बघितलं, तोच आकडा आहे, शेवटच्या ८ पर्यंत. कमाल आहे. मग फर्मवेअर अपडेट करून हे जाईल का? आणि आत्ता १६७८ वर तसंच चालू ठेवलं तर रेकॉर्डिंग खराब तर होणार नाही ना? कारण सध्या तर व्यवस्थित रेकॉर्ड होतंय.

खोलून_बघणारा
फर्मवेअरने जातं कधी कधी, पण बनवणाऱ्याच्या साइटवर तुमच्याच मॉडेलचं, तुमच्याच बोर्डच्या व्हर्जनचं अपडेट असेल आणि त्यात मोठ्या डिस्कचा सपोर्ट दिला असं स्पष्ट लिहिलं असेल तरच हात लावा. डबा सारखा दिसतो म्हणून दुसऱ्या मॉडेलची फाइल टाकायची आणि मग बोर्डचा दगड झाला म्हणून इथे येऊन रडायचं, असे धागे ढिगाने पडलेत. मॉडेल नंबर मागच्या स्टिकरवर असतो, त्याची स्पेसिफिकेशन शीट शोधा, त्यात "प्रत्येक सॅटा पोर्टला कमाल इतके टीबी" अशी एक ओळ असते (सॅटा पोर्ट म्हणजे डिस्क जोडायचं सॉकेट). डिस्क घेण्याआधी खरं तर तीच ओळ बघायची असते, कॅमेऱ्यांची आणि चॅनलची भलावण मात्र लोक पानभर वाचतात.

१६७८ वर चालवायला हरकत नाही. तो डिस्कच्या सुरुवातीचा तेवढाच भाग वापरणार, बाकीची जागा नुसती पडून राहणार. भीती उलट्या केसमध्ये असते, म्हणजे डबा आकार पूर्ण दाखवतो पण हद्दीपलीकडे लिहायला गेला की परत पहिल्या सेक्टरवर येऊन पडतो आणि जुनं खातो. १३७ जीबीच्या काळात पीसीवर असे डेटा उडायचे. तुमच्याकडे मेनूतच आकडा कमी दिसतोय ते एका अर्थी बरंच आहे. तरी खात्री म्हणून डिस्क भरून एक फेरा झाला की सगळ्यात जुनी क्लिप लावून बघा, तारीख आणि कॅमेरा बरोबर येतोय का.

आणखी एक जुगाड आहे. डिस्कलाच "तू २ टीबीची आहेस" असं सांगता येतं. पीसीला थेट सॅटा केबलने जोडायची, यूएसबीच्या डबीतून हे बऱ्याचदा चालत नाही, आणि लिनक्सवर एचडीपार्म या कमांडने दिसणारे सेक्टर ३९०७०२९१६८ करायचे, म्हणजे २ टीबीच्या डिस्कला असतात तितके. मग डीव्हीआरला १८६३ जीबी दिसतील. सगळ्या नवीन डिस्क हे ऐकत नाहीत. आणि चुकून पीसीच्याच डिस्कवर कमांड मारलीत तर मग मी तुम्हाला ओळखत नाही.

बिटबिट
जुगाड बरोबर आहे, पण त्यातून मिळतंय काय ते आधी बघा. १ एमबीपीएस बिट रेटचा (सेकंदाला १ मेगाबिट) एक कॅमेरा चोवीस तासात १०.८ जीबी खातो. १ टीबीत पाच-सहा दिवस म्हणजे तुमचे कॅमेरे साधारण २ एमबीपीएसवर असणार, आठांचे मिळून दिवसाला १७२.८ जीबी. पूर्ण ४ टीबी मिळाले असते तर २३ दिवस. आत्ताच्या १६७८ मध्ये, म्हणजे डिस्कवाल्यांच्या हिशेबाने १.८ टीबीत, साडेदहाच्या आसपास. जुगाड केला तर साडेअकरा. एका दिवसासाठी एवढा उपद्व्याप कोण करणार, मी तरी नाही.

त्यापेक्षा एन्कोडच्या मेनूत जा. जिन्यात, पार्किंगमध्ये सेकंदाला २५ फ्रेम कशाला हव्यात, १२ पुरतात, आणि त्या कॅमेऱ्यांचा बिट रेट १ एमबीपीएस करा. नुसती फ्रेम कमी करून बिट रेट तोच ठेवलात आणि सीबीआर (म्हणजे ठरलेला स्थिर बिट रेट) असेल तर जागा अजिबात वाचत नाही हे लक्षात ठेवा, लोक इथेच फसतात. गेटचा कॅमेरा मात्र आहे तसाच ठेवा, चेहरा नीट दिसला पाहिजे. एच.२६५ (कमी जागेत व्हिडिओ बसवणारी नवी पद्धत) असेल तर उत्तमच, पण या वयाच्या डब्यात नसणार.

रात्रपाळी
मोशन रेकॉर्डिंग करा, म्हणजे हालचाल दिसली तरच रेकॉर्ड, दिवस दुप्पट.

खोलून_बघणारा
झाडाच्या फांद्या आणि रात्री लाइटभोवती फिरणारे किडे यांचंच रेकॉर्डिंग होतं त्यात. आतल्या कॅमेऱ्यांना ठीक आहे.

गुंतलेल्या_तारा
स्पेसिफिकेशन शीट सापडली. कमाल २ टीबी लिहिलंय, पण "२ सॅटा पोर्ट" असंही लिहिलंय! परत खोलून बघितलं तर खरंच, बोर्डवर पंख्याच्या वायरखाली दुसरं सॅटा सॉकेट रिकामं आहे आणि शेजारी पॉवरची चार पिनांची जागा. मग आता काढून ठेवलेली १ टीबी दुसऱ्या पोर्टला लावली तर दोन्हींची बेरीज होते का, की हद्द सगळ्यांना मिळून २ टीबी?

बिटबिट
हद्द प्रत्येक डिस्कला वेगळी, बेरीज होते. १.८ आणि १ मिळून २.८ टीबी, तुमच्या सध्याच्या सेटिंगवर सोळा दिवस. जिन्या-पार्किंगचे कॅमेरे खाली आणलेत तर त्याहून जास्तच. नवीन काही घ्यायला नको.

खोलून_बघणारा
फक्त अडॅप्टर बघा आधी. ३.५ इंची डिस्क सुरू होताना १२ व्होल्टवर दीड ते दोन अँपिअर ओढते, नंतर शांत होते. दोन डिस्क एकदम फिरायला लागल्या आणि अडॅप्टर २ अँपिअरचा असेल तर डबा सुरू होऊन बंद, सुरू होऊन बंद, असं करत बसेल किंवा डिस्कमधून टकटक आवाज येईल, आणि मग परत डिस्क खराब म्हणून धागा निघेल. १२ व्होल्ट ५ अँपिअरचा लावा, पिन तीच आणि आतला प्लस बाहेरचा मायनस आहे ना ते स्टिकरवर ताडून घ्या. कॅमेऱ्यांचा सप्लाय वेगळा आहे ना? की त्याच अडॅप्टरवरून घेतलाय?

गुंतलेल्या_तारा
वेगळा आहे. डीव्हीआरच्या अडॅप्टरवर १२ व्होल्ट २ अँपिअरच लिहिलंय. म्हणजे आधी तो बदलतो, मग दुसरी डिस्क.