परदेशातल्या हवेनं घरातली कुठली सवय बदलली? (अनुभव धागा)

नागपूर, सध्या एडमंटन

दर जानेवारीत आईचा प्रश्न ठरलेला: "किती आहे रे आज?" मी म्हणतो, उणे ३१. "म्हणजे कसं वाटते नेमकं?" बारा वर्षं झाली, उत्तर जमलं नव्हतं. आपल्या मे महिन्यातल्या ४५ पासून इथल्या उणे ३५ पर्यंत ८० अंश होतात, पण त्यानं तिला काय कळणार? शेवटी सांगितलं, श्वास घेतला की नाकातले केस ताठ होऊन टोचतात. तेव्हा गप्प झाली.

म्हणून इथे तापमानाचे आकडे नकोत. हवेपायी घरातलं काय बदललं ते लिहा.

माझ्यापासून सुरुवात. नागपुरात उन्हाळ्यात झोपायच्या आधी कूलरमध्ये पाणी भरायचं काम माझ्याकडे असायचं. इथे हिवाळ्यात तेच काम मागे लागलंय. हीटिंगनं घरातली हवा इतकी सुकते की ब्लँकेट ओढलं तरी ठिणग्या उडतात, म्हणून रोज ह्युमिडिफायर भरायचा. मग जॅकेट घालून बाहेर जायचं आणि गाडीच्या तोंडातून लोंबणारी वायर प्लगला लावायची. आत ब्लॉक हीटर असतो. तो इंजिन कोमट ठेवतो, नाहीतर सकाळी गाडी हूं की चूं करत नाही.

१३ जानेवारी २०२४ ला संध्याकाळी कॅनडातल्या आमच्या अल्बर्टा प्रांतात सगळ्यांचे फोन एकदम कोकलले: विजेचा तुटवडा आहे, नको ते दिवे बंद करा. शेजारी घाबरले. आमच्या घरात मात्र दोन मिनिटांत मेणबत्त्या टेबलावर. लोडशेडिंगमध्ये वाढलेली माणसं आम्ही! वीज काही गेली नाही, त्याचंच जरा वाईट वाटलं.

रत्नागिरी, सध्या दुबई

आमच्याकडे उलटा खेळ. पाण्याची टाकी गच्चीवर, त्यामुळे जून ते सप्टेंबर थंडाच्या नळाला चटका बसेल असं पाणी. मग गीझर बंद करून टाकायचा. त्याच्या टाकीतलं पाणी घरातल्या एसीमुळे निवतं आणि गरमचा नळ सोडला की बऱ्यापैकी गार पाणी येतं. म्हणजे लाल खूण ती गार, निळी ती गरम. नवीन पाहुण्याला हे चहाच्या आधी सांगावं लागतं. सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांना वाटलं, सून थट्टा करतेय.

आणि दमटपणाचं आम्हां कोकणातल्यांना कोणी सांगू नये, असं मला वाटायचं. ऑगस्टात दारातून बाहेर पाऊल टाकताच चष्म्यावर वाफ धरते. गल्लीच्या टोकापर्यंत आंधळी कोशिंबीर.

दादर, सध्या लंडन

पावसाचं म्हणाल तर मला हसू येतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला. लंडनला अख्ख्या वर्षात साधारण सहाशे. इथला पाऊस पडत नाही, नुसता भुरभुरत असतो. भिजवतही नाही आणि कोरडंही ठेवत नाही. भजी तळावीत असा पाऊस तीन-चारदाच बघितला.

खरा घोळ दिवेलागणीचा. मुलांना शुभं करोतिची सवय लावायची ठरवली होती. डिसेंबरात चारच्या आत सूर्य बुडतो, तेव्हा मुलं शाळेतून जेमतेम घरी पोचत असतात. जूनमध्ये सव्वानऊनंतर, म्हणजे ती झोपलेली. आता बाराही महिने साडेसहा. देवाला चालतंय.

म्युनिक

फोडणीच्या वासासाठी नाही, भिंतीला बुरशी लागू नये म्हणून हिवाळ्यात रोज खिडक्या सताड उघडाव्या लागतात. बाहेर उणे असलं तरी. पहिल्या वर्षी ऊब जाईल म्हणून उघडल्या नाहीत, तर कपाटामागची भिंत काळी पडली आणि घरमालकाशी वाजलं. चूक माझीच होती.

सिंगापूर

ऋतू एकच. स्वेटर फक्त ऑफिसातल्या एसीसाठी.

सांगली, सध्या मेलबर्न

संक्रांतीला काळं नेसायचं ते थंडी म्हणून. इथे ती ऐन उन्हाळ्यात येते. एका वर्षी हळदीकुंकवाला बाहेर चाळीसच्या घरात, आम्ही सगळ्या काळ्या साड्यांत, आणि डब्यातल्या गुळाच्या वड्या एकमेकींना चिकटून त्यांचा एकच लाडू झालेला. संध्याकाळी दक्षिणेचा वारा सुटला आणि अर्ध्या तासात शाली शोधायची वेळ आली. त्याला इथे 'कूल चेंज' म्हणतात.

आणखी एक गंमत. इथे दुपारचा सूर्य उत्तरेला असतो! पहिल्या वर्षी सांगलीच्या हिशेबानं दक्षिणेकडच्या गॅलरीत पापड वाळत घातले. दोन दिवस झाले तरी लोळागोळाच. तिथे ऊन येतच नाही, हे शेजारच्या ग्रीक आजींनी हातवारे करून समजावलं. तिचे टोमॅटो उत्तरेच्या कठड्यावर छान वाळत होते. तेव्हापासून वाळवण आमच्या दोघींचं एकत्र, तिच्या अंगणात.

नागपूर, सध्या एडमंटन

आईला सगळं वाचून दाखवलं. तिचा एकच प्रश्न: रत्नागिरीच्या सासूबाईंनी शेवटी कुठल्या नळानं आंघोळ केली?

रत्नागिरी, सध्या दुबई

कुठल्याच नाही. रात्री बादली भरून एसीच्या खोलीत ठेवायच्या. महिनाभर.