लाल टोपणाची सिरिंज आणि चिठ्ठीतले १० युनिट

तापीकाठ (भुसावळ): मेहुण्याने वजन उतरवायला सेमाग्लुटाईडची ५ मिग्रॅ पावडरची व्हायल ऑनलाइन मागवली. लेबलवर 'फक्त संशोधनासाठी'. चिठ्ठीत लिहिलंय, २ मिली पाणी टाका, आठवड्याला १० युनिट. मेडिकलवरून लाल टोपणाची इन्सुलिन सिरिंज आणलीये. त्याला शुगरसाठी ग्लिमेपिराइडची गोळी चालू आहे. टोचू द्यावं का?

धुळ्याचा फार्मासिस्ट: नको भाऊ. ५ मिग्रॅ २ मिलीत, म्हणजे मिलीला २.५ मिग्रॅ. सुरुवातीचा डोस आठवड्याला ०.२५ मिग्रॅ, म्हणजे ०.१ मिली. यू-१०० सिरिंजवर (केशरी टोपण, १ मिलीला १०० युनिट) ते १० युनिट होतात. लाल टोपण यू-४० चं, १ मिलीला ४० युनिट. तिच्यात १० पर्यंत ओढलं की ०.२५ मिली आलं, म्हणजे ०.६२५ मिग्रॅ, थेट अडीच पट! मुळात युनिट हे इन्सुलिनचं माप, याचा डोस मिग्रॅमध्ये असतो. याच गोंधळात ५ ते २० पट डोस गेल्याचा इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रकाने, एफडीएने, २०२४ मध्ये दिला होता.

लॅबवाली ताई: माप जुळलं तरी व्हायलमध्ये काय आहे ते कोण सांगणार? जळगावच्या ४४ अंशांत कुरिअरच्या गाडीत ती किती तास तापली, तेही कुठे लिहिलेलं नसतं. शिवाय मेलेल्या जिवाणूंचं विष, एंडोटॉक्सिन, ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतूनही पार होतं. द्रावण नितळ दिसतं, आणि टोचल्यावर काही तासांत हुडहुडी भरून ताप येतो.

तापीकाठ: आत्ता कळलं, परवा एकदा टोचून झालंय, त्याच लाल सिरिंजने. मळमळ आहे, जेवण जात नाही. सकाळची गोळी मात्र घेतली.

धुळ्याचा फार्मासिस्ट: मग आधी शुगर तपासा, गोळी घेऊन जेवण गेलं नाही तर ती फार उतरू शकते. ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी परत तपासा. ग्लिमेपिराइडचा असर लांबतो, शुगर पुन्हा उतरू शकते, म्हणून एकदा वर आली की सोडून देऊ नका. शुद्ध हरपत असेल तर तोंडातून काही न देता १०८ ला फोन. पुढची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. सेमाग्लुटाईड शरीरात निम्मं व्हायलाच आठवडा लागतो, त्यामुळे मळमळ उद्या थांबेल असं धरू नका. घोट घोट पाणी, मऊ भात. शेवभाजीची तर्री सध्या बंद. पाणीही टिकत नसेल, लघवी कमी झाली असेल किंवा पोटातली कळ पाठीत जात असेल तर लगेच दवाखाना. स्वादुपिंडाला सूज आली असू शकते. यातलं काही नसेल तरी आजच दाखवा. व्हायल, चिठ्ठी आणि ती सिरिंज सोबत न्या, किती गेलं ते डॉक्टरांना मोजता येईल.