मदत हवी आहे : ‘स्ट्रेंज फ्रूट’ मराठीत कसं आणायचं?

नमस्कार मंडळी. सोलापुरात बुधवार पेठेत आम्ही सात-आठ जण १३ एप्रिलच्या रात्री गाण्यांचा कार्यक्रम करतोय. भीमगीतं आहेतच, शाहीर अमर शेखांची गाणीही आहेत (ते बार्शीचे, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातले!). यंदा अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लढ्यातली दोन गाणी घालायची आहेत. १९७२ साली दलित पँथरनं नाव तिकडच्या ब्लॅक पँथरवरून घेतलं, तर गाणी का नकोत?

पहिलं बिली हॉलिडेनं १९३९ मध्ये गायलेलं ‘स्ट्रेंज फ्रूट’. शब्द एबल मीरोपोल या न्यूयॉर्कच्या ज्यू शिक्षकाचे. जमावानं मारून झाडाला टांगलेल्या माणसांना त्यात फळं म्हटलंय. घोडं इथंच अडलंय. ‘लिंचिंग’साठी मी ‘झुंडबळी’ लिहिलं, पण तो पेपरातला शब्द, गाण्यात दगडासारखा पडतो. मूळ गाण्यात तर तो शब्दच नाही. मग आपणही टाळावा का? नुसत्या झाडावरून, पानांवरून ऐकणाऱ्याला कळेल? माझा पहिला खर्डा ऐकून आई म्हणाली, “आंब्याचं गाणं आहे का रे?”

दुसरं नीना सिमोनचं ‘मिसिसिपी गॉडॅम’. १९६३ मध्ये अमेरिकेतल्या बर्मिंगहॅमला कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या बॉम्बस्फोटात चार मुली गेल्या, त्या संतापातलं. चाल मात्र उडती, आणि खरी धार त्यातच आहे. मित्र म्हणतो हलगीवर बसेल. मला भीती वाटते, लोक नाचायला लागतील.

कुणी शाहिरी केलीय का? किंवा या गाण्यांचा मराठी अनुवाद कुणाकडे आहे? तालीम रविवारी आहे, तोवर कळवा.